थरथर जुळवताना

खाली बारा माग, वर आमचा स्टुडिओ.
दहा बाय चौदा. पत्रा. पत्र्याखाली मे महिना.
भिंतीला हिरवं कापड,
राजेशमनं चादरींच्या उरलेल्या रंगात बुडवून दिलेलं,
एका कोपऱ्यात जरा पिवळट.
त्या कोपऱ्याकडं कॅमेरा न्यायचा नाही असं ठरलेलं.

हिरव्याच्या जागी मी महाल उभा करायचो.
आठ खांब, संगमरवर, मागं कारंजं.
पाणी तीनच चित्रांचं, पुन्हा पुन्हा तेच.
खांब गोल नव्हते, सहाकोनी होते;
गोल म्हटलं की संगणक धापा टाकायचा.
गाजूलशेठ म्हणाले, सहाकोनीच बरे,
श्रीमंत वाटतात.

साडेसातच्या बातम्या. अनसूया दासरी.
नळाला पाणी आता चार दिवसांनी,
कन्ना चौकात गटार तुंबली,
विडी कामगारांची सभा परवा.
हे सगळं ती कारंज्याशेजारी बसून सांगायची.

एकदा हिरवा चुडा भरून आली,
लग्नाला नऊ दिवस झालेले.
पडद्यावर मनगटं गायब.
पंजे इकडं, कोपर तिकडं,
मधल्या जागेतून कारंजं वाहतंय.
काढ म्हणायची कुणाची छाती?
मग सव्वा महिना तिनं
हात टेबलाखाली ठेवून बातम्या दिल्या.
सासूनं म्हणे विचारलं, तिथं तुला बांधून ठेवतात का?

पण खरं दुखणं वेगळंच.
माग सुरू झाले की फरशी हलायची,
फरशीबरोबर तिपाई, तिपाईबरोबर कॅमेरा,
आणि चित्रात अनसूया.
खांब मात्र ढिम्म.
महाल जागच्या जागी आणि बाई कापतेय.
फोन यायचे, पोरीला ताप हाय का बे?
राजेशमला म्हटलं, अर्धा तास माग बंद ठेव.
त्यानं कांडी बदलता बदलता विचारलं,
अर्ध्या तासाचं कापड तू विणतोस का?

हैदराबादहून एक टोप आणला होता आम्ही,
बंद पडलेल्या खेळघराच्या भंगारातून.
डोळ्यांवर चढवला की दुसरं जग दिसतं, असं विकणारा म्हणाला.
दिसायचे दोन धुरकट चौकोन,
आणि यायचा आधीच्या कुणाच्यातरी घामाचा वास.
गाजूलशेठनी पाऊण तास घालून बघितला,
जिन्यात उलटी केली,
आणि टोपाची किंमत माझ्या पगारात मांडली.

डोळे गेलेले, पण त्याची मान शाबूत होती.
डोकं कुठं वळलं, किती झुकलं,
एवढं त्याला अजून कळायचं.
एका रात्री मी तो उसवला,
आतली काडेपेटीएवढी डबी काढली,
चादरीच्या काठाच्या पट्टीनं
कॅमेऱ्याच्या पाठीवर बांधली.
वायर संगणकात.
लोखंडाला ती भांबावायची, आणि खाली तर सगळं लोखंडच,
त्यामुळे डावीकडचा तिसरा खांब
कायम जरा झोकांड्या खायचा.
त्याच्यापुढं आम्ही कुंडी ठेवली. तीही खोटीच.

दुसऱ्या दिवशी साडेसात.
खाली माग धडधडले,
वर तिपाई थरथरली, अनसूया थरथरली,
आणि तिच्या मागं, त्याच ठेक्यात,
आठही खांब. छत. कारंजं.
संगमरवराला मागाचा ताल सापडला.
त्या संध्याकाळी तापाचा फोन नाही.
एकच आला, विडी घरकुलातून, म्हाताऱ्या बाईचा,
तेवढा महाल कुठल्या पेठेत आहे हो?
नाही, भिंती आमच्यासारख्याच हलतात,
म्हणून विचारलं.

मागांच्या सुट्टीला खाली सगळं चिडीचूप.
खांब सरळ, अनसूया सरळ, पाणीसुद्धा नीट पडतंय.
गाजूलशेठ बराच वेळ पडद्याकडं बघत बसले.
मग म्हणाले, काय तरी खोटं वाटायलंय बे.
मी काही बोललो नाही.
तिपाईला गुडघा टेकवला
आणि बातम्या संपेपर्यंत
पाय हलवत राहिलो.